दंड भरून सुटता येतं का? शिकारीचा कायदा, नाशिकच्या शिवारातून

एक ससा येवल्याच्या माळावर, कुणाच्या तरी बांधाला लावलेल्या फाशात अडकून मेला. दुसरा तसाच ससा निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत मेला. पहिला मारणाऱ्याला न्यायालय जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देऊ शकतं, आणि योग्य वाटलं तर नुसत्या दंडावरही भागवू शकतं. दुसऱ्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर तीन वर्षांच्या खाली यायची मुभाच न्यायालयाला नाही. वरची मर्यादा सात वर्षांची, आणि त्याशिवाय दंड.

ससा तोच, कायदा तोच, कलमही तेच. फरक पडला तो जागेमुळे. शिकारीच्या शिक्षेबद्दल चावडीवर, हॉटेलात, कधी कधी वकिलांच्या खोलीबाहेरही जे बोललं जातं त्यात हा फरक बहुधा हरवलेला असतो. ‘रानातलं जनावर मारलं, सापडला, दंड भरला, मोकळा झाला’ एवढ्यावर गोष्ट संपते. काही गुन्ह्यांत ती खरंच तशी संपू शकते. पण ज्यांत ती तशी संपत नाही, ते गुन्हे नाशिक जिल्ह्यात लोकांना वाटतात त्याहून खूप जास्त आहेत.

कायदा आहे १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या कायद्याच्या मागे प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. वनखात्यात सगळे सरळ ‘शेड्यूल’ म्हणतात. पूर्वी त्या सहा होत्या, आता चार आहेत. तिसरी वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींची, म्हणजे आपल्या विषयापुरत्या पहिल्या दोनच महत्त्वाच्या. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत बाकीचे. शिकारीला बंदी दोन्हींतल्या प्राण्यांच्या आहे. शिक्षा मात्र वेगळी.

‘हरणाची शिकार, तिघे ताब्यात’ अशी बातमी वाचली की म्हणूनच पहिला प्रश्न हा असायला हवा की हरीण कोणतं. येवला तालुक्यात ममदापूर, राजापूरच्या उघड्या माळरानावर कळपाने फिरतं ते काळवीट. ते पहिल्या अनुसूचीत आहे. चिंकारा आणि चौशिंगाही तिथेच. चितळ दुसऱ्या अनुसूचीत. सांबराची गंमत वेगळी आहे: जुन्या रचनेत ते तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे बऱ्यापैकी खाली होतं, नव्या रचनेत ते थेट पहिलीत गेलं. २०२३ च्या आधी सांबराच्या प्रकरणात कुणी हलक्यात सुटला असेल, तर त्याचा अनुभव आज कुणाच्या कामाचा नाही. ससा, रानडुक्कर, रोही (नीलगाय), तित्तर हे दुसऱ्या अनुसूचीत. बिबट्या, मोर, घोरपड, खवले मांजर पहिलीत. घोरपडीचं नाव ऐकून लोक दचकतात, कारण ती खाणं कुणाला फार मोठा गुन्हा वाटत नाही. कायद्याच्या लेखी तिचं आणि बिबट्याचं पान एकच.

आता आकडे. कलम ५१ मध्ये सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुरुस्तीपूर्वी हा दंड २५ हजारांपर्यंतच होता. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, किंवा प्राणी कोणताही असो पण शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय कमीत कमी २५ हजार दंड. इथे ‘किंवा’ नाही. कैद आणि दंड दोन्ही. व्याघ्र प्रकल्पात शिकार केली तर दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास किमान सात वर्षं कैद व पाच ते पन्नास लाख दंड. पण नाशिक जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्प नाही, तेव्हा ते एवढ्यावरच सोडतो.

नाशिकपुरती एक बारीक गोष्ट मात्र सांगायला हवी. ममदापूर हे अभयारण्य नाही, ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे. नाशिकजवळचा बोरगडही तसाच. कलम ५१ मधली जागेवरून वाढणारी शिक्षा ‘अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान’ या शब्दांना बांधलेली आहे. त्यात संवर्धन क्षेत्र येत नाही. त्यामुळे ममदापुरात ससा मारला तर शिक्षा साध्या गुन्ह्याची, पण काळवीट मारलं तर ते क्षेत्राच्या आत असो की बाहेर मक्याच्या वावरात, किमान तीन वर्षं ठरलेलीच. तिथे प्राणीच इतका वरचा आहे की जागेने फरक पडत नाही.

‘दंड भरून सुटणं’ याला कायद्यात खरंच एक दार आहे, कलम ५४ चं. उपवनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा, असा अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक रक्कम घेऊन गुन्ह्यात तडजोड करू शकतो. ही रक्कम पूर्वी २५ हजारांपर्यंत असायची, आता पाच लाखांपर्यंत असू शकते. पण ज्या गुन्ह्याला किमान कैद सांगितली आहे त्यात तडजोड होतच नाही. काळवीट, सांबर, मोर, घोरपड, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावरचं एखादं बदक: यांच्यासाठी ते दार बंद आहे. कुणी ‘साहेबांशी बोलून मिटवतो’ म्हणत असेल तर तो ज्या अधिकाऱ्याचं नाव घेतोय त्यालाही तसा अधिकार नाही. अभयारण्यातल्या शिकारीत आणखी एक वाट बंद केलेली आहे. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची जी सवलत इतर फौजदारी खटल्यांत मिळू शकते, ती इथे अठरा वर्षांखालच्या आरोपीलाच मिळते.

सलमान खानचं प्रकरण या विषयात हटकून निघतं, आणि त्यातले आकडे वरच्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. जोधपूरजवळ कांकाणी इथे काळविटांची शिकार झाली ती ऑक्टोबर १९९८ मध्ये. जोधपूरच्या न्यायालयाने ५ एप्रिल २०१८ ला त्याला पाच वर्षं कैद आणि दहा हजार दंड सुनावला. बरोबरचे कलाकार निर्दोष सुटले. दोन दिवसांनी त्याला जामीन मिळाला आणि प्रकरण अपिलात गेलं. किमान तीन, कमाल सात ही चौकट कायद्यात आली २००२ च्या दुरुस्तीने, म्हणजे घटनेनंतर. १९९८ साली पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा एक ते सहा वर्षं होती, आणि गुन्हा घडला त्या वेळी जी शिक्षा होती त्याहून मोठी शिक्षा नंतर देता येत नाही, हे आपल्या राज्यघटनेतच आहे. आज ममदापूरच्या माळावर तीच गोष्ट घडली तर चौकट नवी लागेल. निकालाला जवळजवळ वीस वर्षं लागली, हा मात्र त्या प्रकरणातला खरा धडा आहे. त्याकडे पुढे येतो.

शिकार म्हणजे गोळी घालणं, असा एक समज आहे. कायद्याची व्याख्या याहून बरीच रुंद आहे. मारणं आणि विष घालणं तर आलंच. पण पकडणं, फासे लावणं, जाळं किंवा वाघूर लावणं, हाका घालून जनावर एका बाजूला ढकलणं, आमिष ठेवणं, कुत्री मागे सोडणं, हे सगळं शिकारच. जनावर हाती लागलंच पाहिजे असंही नाही. प्रयत्नही शिकारीत धरला जातो. पक्ष्यांची अंडी फोडली, घरटं विस्कटलं तरी शिकार. आणि ज्याने मदत केली, चिथावलं, त्याला तीच शिक्षा. जीप चालवणारा, बॅटरीचा झोत धरणारा, जाळ्याच्या टोकाशी उभा राहिलेला भाचा, हे ‘आम्ही नुसतं बघायला गेलो होतो’ म्हणून सहज बाहेर पडत नाहीत. हल्ली तर या मंडळींतलाच कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून गटात टाकतो, आणि वनखात्याचं अर्धं काम तिथेच होतं.

आणि मग रस्सा. कायद्यातल्या मांसाच्या व्याख्येत ‘कच्चं किंवा शिजवलेलं’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याच्या घरात, डब्यात, फ्रिजमध्ये ते सापडलं, त्याचा ताबा बेकायदा आहे असं कायदा गृहीत धरतो, आणि तो बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकतो. साध्या फौजदारी खटल्यात सरकारने सगळं सिद्ध करायचं असतं. इथे पारडं उलटं झुकतं. ‘मला कुणी वाटा आणून दिला, कशाचा ते ठाऊक नव्हतं’ हे म्हणणं न्यायालय ऐकेल, पण ते पटवून देणं तुमच्याकडे. मांस शिजलं म्हणून ओळखू येणार नाही हेही खरं नाही. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा ठिकाणी डीएनए तपासून प्रजाती सांगता येते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: वनहक्क कायदा आला, जंगलावर आमचा हक्क मान्य झाला, मग शिकारीचाही झाला का? उत्तर नाही असं आहे, आणि ते संदिग्ध नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या कलमातच शिकार, सापळा लावणं आणि प्राण्याचे अवयव काढणं हे शब्द घालून वगळलेले आहेत. मध, डिंक, मोह, बांबू यांचा हक्क मिळाला, शिकारीचा नाही. देशात शिकारीचा असा हक्क १९७२ च्या कायद्याने राखून ठेवला आहे तो फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा. हे न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल. पोटासाठी रानात फासकी लावणारा आणि हौसेने जीप घेऊन सर्चलाइट मारत फिरणारा, दोघे एकाच कलमात बसतात, हे मला स्वतःला खटकतं. पण वाद घालणं वेगळं, आणि ‘आम्हाला माफ आहे’ असं समजून पकडलं जाणं वेगळं.

शेतकऱ्याची बाजू याहून अवघड आहे. काळविटांचा कळप रात्रीतून हरभरा फस्त करतो, रानडुकरं मका लोळवतात, आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या मुक्कामालाच असतो. कायद्यात यावर वाट आहे, पण ती लेखी परवानगीतून जाते. पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका असलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर, रोही यांत येतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ती परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षकांची, आणि पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा आजाराने, जखमेने सुधारण्यापलीकडे गेला असेल तरच. म्हणजे काळविटाने पीक खाल्लं यावर उपाय बंदुकीचा नाही, नुकसानभरपाईच्या अर्जाचा आहे. राज्य सरकारच्या भरपाईच्या यादीत रानडुक्कर आणि रोहीबरोबर ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज लगेच करावा, फोटो काढून ठेवावेत, पंचनामा होईपर्यंत वावर तसंच ठेवावं. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळते का, हे विचाराल तर शेतकरी हसतात, आणि त्यांचं हसणं चुकीचं नाही.

कुंपणात सोडलेली थेट लाइन हा यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार. मनात रानडुक्कर असतं आणि सकाळी तारेला बिबट्या चिकटलेला सापडतो. ‘मला डुक्कर मारायचं होतं’ हा बचाव नाही, कारण परवानगीशिवाय डुक्कर मारणंही गुन्हाच. आणि मेलेला प्राणी पहिल्या अनुसूचीतला म्हणून प्रकरण थेट वरच्या शिक्षेत जातं. त्यात आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि तारेला माणूस लागला तर मनुष्यवधापर्यंत गोष्ट जाते. बाजारात मिळणारं सौरऊर्जेवरचं झटका मशीन यापेक्षा वेगळं असतं. ते थोड्या थोड्या वेळाने क्षणभराचा झटका देतं, जनावर मागे फिरतं पण मरत नाही.

बिबट्या अंगावर आला तर? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र एक अट आहे: त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याचा भंग करत नसला पाहिजेत. फासे तपासायला गेलेल्यावर डुकराने चाल केली, तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. आणि असा मेलेला प्राणी सरकारचा असतो, त्याची नखंसुद्धा. ऊसतोडीत बछडे सापडले की फोटोसाठी हातोहात फिरवतात, कुणी घरी घेऊन येतं. हौस समजते, पण वन्य प्राणी ताब्यात घेणं हे पकडण्यातच येतं. शिवाय बछडे त्याच जागी राहू दिले तर रात्री मादी येऊन बहुधा उचलून नेते.

गुन्हा दाखल झाल्यावर काय होतं, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. ही पोलीस ठाण्यातल्या एफआयआरसारखी सरळ प्रक्रिया नाही. वनरक्षक किंवा वनपाल वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल तयार करतो, पंचनामा होतो, जप्ती होते. वॉरंटशिवाय अटक करता येते, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं जातं आणि बातमीत येते ती ‘वनकोठडी’ मिळते. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला साक्षपुरावा नोंदवण्याचा अधिकार आहे, आणि तो आरोपीसमोर नोंदवलेला असेल तर पुढे खटल्यात वाचता येतो. पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. वनाधिकारी पोलीस नाही, म्हणून त्याच्यापुढचा जबाब तसा आपोआप बाद होत नाही. ‘काय, जंगल खात्याचा तर माणूस आहे’ म्हणून त्याच्यापुढे वाट्टेल ते बोलणाऱ्याला हे नंतर कळतं.

तपास संपल्यावर वनाधिकारी न्यायालयात तक्रार दाखल करतो. इथून वेळ लागायला सुरुवात होते. अशा खटल्यात दोषारोप निश्चित होण्याआधी एकदा साक्षी होतात आणि नंतर उलटतपासणीसाठी साक्षीदारांना पुन्हा बोलवावं लागतं. तोवर पंच गावातलेच, आरोपीच्या भावकीतले, ‘सही कोऱ्या कागदावर घेतली’ म्हणायला तयार झालेले. मांस सील न करता पाठवलेलं, जप्तीची वेळ एका कागदावर सकाळची आणि दुसऱ्यावर संध्याकाळची. कायद्यात शिक्षा कडक आहे. खटले पडतात ते अशा कागदांवर. शिक्षा आणखी वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी हे कागद पाहावेत असं मला वाटतं.

आरोपीला मात्र निकालाच्या आधीच बरंच काही गमवावं लागतं. गाडी जप्त होते. ती जप्त झाली म्हणून आपोआप सरकारची होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे, आणि खटला चालू असताना ती सोडवून घ्यायला न्यायालयात जाता येतं. पण दोष सिद्ध झाला तर गाडी, हत्यार, जाळी सगळं सरकारजमा करण्याचा आदेश होऊ शकतो. शिकारीत वापरलेल्या परवान्याच्या बंदुकीचा परवाना रद्द करता येतो, आणि शिक्षेपासून पाच वर्षं नवा मिळत नाही. बंदूक बिनपरवान्याची असेल तर शस्त्र कायदा स्वतंत्र लागतो. यापूर्वी याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या माणसाला पहिल्या अनुसूचीच्या प्रकरणात जामीन मिळणंही फार कठीण केलेलं आहे.

जुन्या वाड्यांच्या माडीवर सांबराची शिंगं असतात. ‘आजोबांनी मारलेलं, कायद्याच्या आधीचं’ हे खरं असू शकतं, पण नुसतं सांगून चालत नाही. मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांनी आधी नोंद केली नव्हती त्यांना केंद्र सरकारने एप्रिल २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच गेली. झडून पडलेलं शिंग रानातून उचलून आणणं हेही चालत नाही. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना देशात सवलत आहे, उपटलेल्या पिसांना नाही. पूजेची दुर्मीळ मुळी म्हणून ‘हत्थाजोडी’ विकतात ती मुळी नसतेच, घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय वाळवलेलं असतं. ते घेणारा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा अवयव विकत घेत असतो.

राहिला रोजचा प्रसंग. येवला, मनमाड बाजूच्या रस्त्यावर रात्री काळवीट गाडीखाली येतं. मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता असतो, आणि तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. धडक बसली म्हणून कुणी तुम्हाला शिकारी ठरवत नाही; डिकीत टाकून नेलं तर ठरवू शकतं. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. काळवीट विहिरीत पडलेलं दिसलं, माळावर वाघूर लावलेली दिसली, कुणाच्या मोबाइलवर शिकारीचा व्हिडिओ आला, तरी तोच. आरोपीला दंड झाला तर त्या रकमेतून माहिती देणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद कायद्यात आहे. आणि वनखात्याने काहीच केलं नाही असं वाटलं, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही सामान्य माणूस स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो.